टाळी वाजवण्यासाठी विजापूर

विजापुरास जाऊन आलेल्या मराठी माणसास तेथे काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच येते : गोल घुमटात टाळी वाजवली. ती सात वेळा घुमली, अशी पुस्ती. पुढे विचारल्यास मलिक-ए-मैदान तोफ, आणि गाडीवाला दयाळू निघाला असेल तर साठ कबर. सकाळी सोलापुराहून निघावे, दुपारी भाकरी खावी, दिवेलागणीला परत. १४९० च्या सुमारापासून १६८६ पर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे जे शहर राजधानी होते, ज्याच्या शिक्क्याने आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वतने दिली-घेतली गेली, सारा वसूल झाला, तंटे निवडले गेले, ते शहर अशा रीतीने एका टाळीत आटोपते.

पर्यटक उथळ असतो, ही काही नवी तक्रार नव्हे. त्याच्यावर रागावण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. तो जे पाहतो ते त्याला कुणीतरी आधी दाखवून ठेवलेले असते. आमचा रोख त्या दाखविणाऱ्यांवर आहे, आणि त्यांत मराठी साहित्य शिकणारे व शिकविणारे, म्हणजे आम्ही स्वतः, पहिल्या रांगेत बसतो.

मराठी मनात विजापूर चौथीच्या इतिहासातून शिरते. तेथे एक दरबार भरलेला असतो, तबकात विडा ठेवलेला असतो, आणि एक धिप्पाड सरदार तो उचलतो. अफझलखान निघाला ते ठिकाण म्हणजे विजापूर. त्यापलीकडे त्या शहरास दुसरे प्रयोजन नाही. मोठेपणी तिकीट काढून गेलेला माणूस हाच दरबार शोधत असतो, आणि मार्गदर्शकही व्यवहारचतुर असल्यामुळे त्यास तो मिळवून देतो. साठ कबरीपाशी सांगितली जाणारी कथा, म्हणजे प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी खानाने आपल्या बायका मारून टाकल्याची, ही दंतकथा आहे; पण ती इतक्या तृप्त चेहऱ्यांनी ऐकली जाते की पुरावा विचारणे असभ्यपणाचे वाटावे.

तोफेचेच पाहा. मलिक-ए-मैदानावर हात ठेवून छायाचित्र काढणारा मराठी माणूस तिला शत्रूची तोफ समजतो. ती १५४९ मध्ये अहमदनगरास, निजामशाहीत ओतली गेली. नंतर परांड्याच्या, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या, किल्ल्यात राहिली. आणि १६३२ च्या सुमारास विजापुरी आली. तिचा बहुतेक प्रवास मराठी मुलखातला. त्याच काळात पुणे जाळून तेथे गाढवाचा नांगर फिरविल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तो ज्याच्या नावावर आहे तो आदिलशाही मुत्सद्दी म्हणजे मुरार जगदेव. जावळीच्या मोऱ्यांचा ‘चंद्रराव’ हा किताब आदिलशाहीचा. घोरपडे, घाटगे, माने, डफळे या घराण्यांची उमेद याच दरबाराच्या पायरीवर. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर याच दरबाराची. हे सारे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. इतिहासाच्या पुस्तकात ते आहेच. पण गोल घुमटाखाली उभे राहिलो की ते आठवत नाही. तेथे आपण परक्या राजधानीत आलेले विजेते असतो. वास्तविक ही राजधानी जिंकली ती औरंगजेबाने, १६८६ मध्ये. तिच्या भग्नावशेषांवरून आपण कसल्या विजयाने मिरवतो, हे कोडेच आहे.

आता भाषेकडे वळू, कारण या जागेचे वाचक साहित्याचे आहेत. फिरिश्ता हा फार्सी इतिहासकार विजापुरी दरबारातच बसून लिहीत होता. पहिल्या इब्राहिमाने (१५३४–१५५८) हिशेबी दफ्तरातून फार्सी काढून ‘हिंदवी’ आणली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले, असे तो नोंदवतो. या प्रदेशापुरता ‘हिंदवी’चा अर्थ अनेक अभ्यासकांनी मुख्यत्वे मराठी असा घेतला आहे. मोडीतला मराठी मजकूर सोबत असलेली आदिलशाही फर्माने आजही उपलब्ध आहेत. म्हणजे ज्या लेखनव्यवहारात मराठी गद्य रोजच्या कामाला जुंपले गेले, त्याचे एक मोठे केंद्र विजापूर होते. सुमारे १६७७ मध्ये राज्यव्यवहारकोश रचून फार्सी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द द्यावे लागले, ते का, हे या दफ्तराशिवाय कळणार कसे? आपल्या अभ्यासक्रमात कोश असतो. ज्याला तो उत्तर देतो ते दफ्तर नसते.

दुसरा इब्राहिम (१५८०–१६२७) तर आपल्या वर्गातून पूर्णच गैरहजर आहे. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’मध्ये भैरव, तोडी, मल्हार, कानडा अशा रागांखाली बांधलेली दक्खिनी पदे आहेत. त्यांत सरस्वतीचे स्तवन आहे, पैगंबराचे व गेसूदराजांचे आहे. एका ठिकाणी तो गणपतीला पिता आणि सरस्वतीला माता म्हणतो. मोतीखान नावाच्या आपल्या तंबोऱ्यावर आणि आतशखान नावाच्या हत्तीवरही त्याचा जीव आहे. आपल्या शहरास तो विद्यापूर म्हणे. १५९९ मध्ये त्याने शहराच्या पश्चिमेस नौरसपूर ही नवी वसाहत उभारण्यास घेतली. एकनाथांनी देह ठेवला तेही वर्ष १५९९. हिंदु-तुर्क संवाद लिहिणारा कवी आणि ही पदे बांधणारा सुलतान समकालीन होते, ही साधी गोष्ट आम्हांस कोणत्याही वर्गात कुणी सांगितली नाही, आणि पुढे आम्ही वर्गात उभे राहिलो तेव्हा आम्हीही सांगितली नाही.

येथे एक दुसरा सापळा आहे. इब्राहिमाचे नाव निघाले की लगेच त्याला सलोख्याच्या भित्तिपत्रकावर चढविण्याची घाई काहींना होते. तेही टाळी वाजवणेच. फक्त दुसऱ्या हाताने. ‘जगद्गुरू’ म्हणवून घेणाऱ्या या सुलतानाच्या काळातही रयत सारा भरत होती आणि फौजा गावे तुडवीत होत्या. त्याला संत करण्याची गरज नाही. त्याला वाचण्याची आहे.

वाचणे म्हणजे प्रेमात पडणे नव्हे, हे नुसरतीच्या बाबतीत अधिकच खरे. दुसऱ्या अली आदिलशहाचा हा राजकवी. १६६५ चे त्याचे ‘अलीनामा’ हे दक्खिनी युद्धकाव्य शिवाजीमहाराजांना शत्रू म्हणून रंगवते, आणि शत्रूविषयी दरबारी कवी जे बोलतो ते बोलते. मराठी वाचकास ते गोड लागणार नाही. पण सभासदाची बखर १६९७ ची. अलीनामा तिच्याआधी तीस-बत्तीस वर्षांचा, प्रत्यक्ष घटनांच्या धगीतला. शिवकाल हा विशेष अभ्यासाचा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास समोरच्या छावणीतील कवी काय म्हणत होता हे ठाऊक नसावे, ही कसली साहित्यनिष्ठा? बरे, ही भाषा तरी किती दूरची? दक्खिनीत जोर देण्यासाठी येणारा ‘च’ मराठीचा आहे. तिचे ‘नक्को’ आपल्या ‘नको’चे भावंड आहे. विजापूरच्या सूफी परंपरेतील चक्कीनामे जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या तोंडी बसावेत म्हणून रचलेले होते. ओवीच्या अभ्यासकाने याहून अधिक काय मागावे? परंतु उर्दू विभागास दक्खिनी म्हणजे उर्दूचे बाळपण वाटते, हिंदी विभाग तिला आपल्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात नमस्कार करून पुढे जातो, आणि मराठी विभाग लिपी वेगळी म्हणून हात झटकतो. देवीसिंग चौहान, सेतुमाधवराव पगडी अशा मंडळींनी आयुष्ये घालून जे मराठीत आणले, ते ग्रंथालयात न कापलेल्या पानांसह पडून राहते.

मग पर्यटकाने काय पाहावे? ज्याची भाषा त्याला शिकवलीच नाही ते शहर तो पाहणार कसे? तो मोजमापे पाहतो. घुमटाचा बाह्य व्यास सुमारे ४४ मीटर, हे त्यास कळते, कारण आकड्याला लिपी लागत नाही. आमचे मराठी प्रवासवर्णनही याहून फार पुढे गेले आहे असे आम्हांस वाटत नाही : थोडा घुमट, थोडी धूळ, टांगेवाल्याचा विनोद, आणि ‘कालाय तस्मै नमः’. राजधानी म्हणजे थडग्यांचा गाव, ही समजूत त्यातून पक्की होते. राजवाडे पडले, थडगी टिकली, एवढाच तिचा आधार. आणि ग्रंथ? असर महालातील आदिलशाही ग्रंथसंग्रहाचे जे उरले होते ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनला गेले, आणि आज तेथील ग्रंथालयात आहे. विजापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते. त्या शंभर वर्षांत हा संग्रह कुठे गेला याची हळहळ आमच्या साहित्यिकांत फारशी कुणास वाटल्याचे आमच्या वाचनात नाही. तलवार लंडनला गेली की मात्र सभा भरतात.

गेल्या खेपेस आम्ही इब्राहिम रोजाजवळ उभे होतो. तेथील काही खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरून आरपार केलेली अक्षरे आहेत. उजेड आत येतो तो अक्षरांमधल्या फटींतून. एक सहल आली. मुलांनी आत जाऊन आधी टाळ्या वाजवल्या. येथे घुमत नाही, असे कळल्यावर त्यांचा विरस झाला. सोबतच्या शिक्षकांना एका मुलीने विचारले, ‘सर, खिडकीत काय लिहिलंय?’ ते म्हणाले, ‘उर्दू आहे ते.’ ते अरबी होते. आम्ही दुरुस्ती करायला पुढे झालो नाही. काय लिहिले आहे हे आम्हांसही वाचता येत नव्हते.