गल्लीतले सलून आणि गूगलची पाटी

मोक्याची जागा, हातात कसब असलेले कारागीर आणि दारावर ठळक पाटी एवढ्या भांडवलावर केशकर्तनालय चालत असे, तो काळ मागे पडला आहे. कोथरूडला किंवा डोंबिवलीला नव्याने राहायला आलेला माणूस शेजाऱ्याला विचारण्याऐवजी मोबाइलवर 'जवळचे सलून' शोधतो आणि नकाशालगत दिसणाऱ्या दोन-तीन नावांपैकी एकाकडे वळतो. पूर्वी गूगलची ही यादी सात नावांची होती. ऑगस्ट २०१५ मध्ये ती तिनांवर आली आणि चौथ्या दुकानाला पडद्याआड जावे लागले.

या भीतीवर एक वेगळाच धंदा पोसला गेला आहे. 'पहिल्या क्रमांकाची हमी' देणारे दलाल सलूनमालकाकडून दरमहा पैसे घेतात. वास्तविक अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असा इशारा खुद्द गूगलच देते. पानाच्या मागे दडविलेल्या 'कीवर्ड'च्या यादीला क्रमवारीत स्थान नाही, हे या कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले होते. फुटकळ संकेतस्थळांवरून विकत घेतलेल्या दुव्यांवर एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' या बदलाने कुऱ्हाड आणली. तरीही हाच शिळा माल नव्या वेष्टनात खपतो आहे!

स्थानिक शोधाची क्रमवारी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: समर्पकता, अंतर आणि ख्याती. यातील अंतर मालकाच्या हाती नाही, पण लहान दुकानाचा खरा आधार तोच आहे. मोठ्या साखळी सलूनने जाहिरातींवर कितीही खर्च केला, तरी त्याची शाखा गिऱ्हाइकाच्या घराजवळ सरकत नाही. उरलेल्या दोन बाबींत मात्र आपले दुकानदार कमालीचे उदासीन दिसतात. अनेक सलूनच्या संकेतस्थळांवर दरपत्रक म्हणजे एक छायाचित्र असते. माणसाला ते वाचता येते. पण शोधयंत्राची भिस्त मजकुरावर असते. केस रंगविणे, नववधूची सजावट, लहान मुलांचे केस कापणे या सेवा, त्यांचे दर आणि परिसराचे नाव साध्या अक्षरांत, शक्य तर मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिले, तर दलालाची अर्धी गरज संपते. नाव, पत्ता व दूरध्वनी सर्वत्र एकसारखे हवेत. सुट्टीचा वारही नोंदवावा. बंद दारावरून परतलेले गिऱ्हाईक एकच तारा देऊन सूड उगविते.

ख्यातीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ती बऱ्याच अंशी ग्राहकांच्या अभिप्रायांवर उभी राहते, म्हणून अभिप्रायांचाही बाजार भरला. सवलतीच्या बदल्यात पाच तारे मागणे गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणले, पण ते ऐच्छिक ठेवले. परिणामी प्रामाणिक न्हाव्याने वर्षभरात जमविलेल्या अभिप्रायांना एका रात्रीत विकत घेतलेल्या अभिप्रायांशी झुंजावे लागते. दुकानाच्या नावापुढे 'परिसरातील सर्वोत्तम' अशी शेपटी जोडण्याचा मोहही नियमबाह्यच. त्यापायी नोंद निलंबित होऊ शकते आणि मग दुकान उघडे असूनही नकाशावर सापडत नाही.

परावलंबनाचा याहून मोठा धडा मार्च २०२४ मध्ये मिळाला. गूगलने व्यावसायिकांना २०१७ पासून फुकट दिलेली छोटी संकेतस्थळे बंद केली. त्यांवर विसंबलेल्यांच्या पत्रिकांवर आणि दारावरच्या पाट्यांवर छापलेला पत्ता काही महिन्यांत निरुपयोगी झाला. स्वतःचे डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते. एवढा खर्च लहान सलूनलाही झेपावा. मात्र ते बनवून देणारा अनेकदा नोंदणी स्वतःच्याच नावावर करतो आणि पुढे मालकाने त्याला सोडायचे म्हटले की पत्ताही त्याच्याबरोबर जातो. तेव्हा पैसे देण्यापूर्वी डोमेन आणि गूगलवरील नोंद कोणाच्या खात्यात आहे, एवढे तरी सलूनमालकाने तपासून घ्यावे.