कळविण्यात येते की...

गेल्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या काकूंनी कमरेचा लखोटा काढून माझ्यापुढे धरला. आत एकच वाक्य होते : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, विहित प्रमाणपत्र अप्राप्त असल्याने आपले प्रकरण प्रलंबित ठेवण्यात आले आहे.’

“म्हणजे पेन्शन येईल ना, भाऊ?” काकूंनी विचारले.

उभा जन्म मी कचेरीत कागद खरडले. तरी मलाही ते दोनदा वाचावे लागले. म्हणायचे होते ते एवढेच : नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला आला नाही, म्हणून पेन्शन थांबवली आहे. तो आता कोठे द्यावा, कोणाकडे, केव्हापर्यंत, याबद्दल अवाक्षर नाही!

कोणी म्हणेल, दोष मराठीचा. साफ खोटे! 1962 साली पदनाम कोश निघाला तेव्हा नव्या शब्दांची यथेच्छ टवाळी झाली. पण ‘आयुक्त’, ‘संचालक’ आज पानवाल्याच्याही तोंडी आहेत. शब्द रुळतात हो. रुळू नये ती भित्री वाक्यरचनाही रुळून बसली, हे दुखणे आहे. ‘कळविण्यात येते’ – कोणाकडून? ‘ठेवण्यात आले’ – कोणी ठेवले? कर्ता पडद्याआड गेला की जाब विचारायला माणूसच उरत नाही. असे लिहिले जाते ते अज्ञानापोटी नव्हे, सोयीपोटी, असा माझा आरोप आहे. (मीही लिहिले आहे, म्हणून तर ठामपणे सांगतो.)

राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना धाडलेले पत्र पाहा. दिवा निष्काळजीपणे ठेवाल, उंदीर जळती वात नेईल, गवत पेटेल, पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग ती तुम्हीच मारली असे होईल. कारण, परिणाम, जबाबदार माणूस – सारे उघड्यावर!

कार्यशाळा भरवून आणि पुस्तिका वाटून हे सुधारणार नाही. सही करणाऱ्या साहेबाने मसुदा आधी दाराशी बसलेल्या शिपायाला वाचून दाखवावा आणि विचारावे, “हे पत्र तुला आले तर उद्या सकाळी काय करशील?” त्याला सांगता आले नाही, तर कागद फाडावा.

काकूंचे उत्तर मी चार ओळींत लिहून दिले, दाखला जोडला. पोच आली : ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.’ पेन्शन चैत्रात सुरू झाली. तोवरची औषधाची उधारी काकू अजून फेडताहेत.