‘रॉयल’ लगाम उतरणार कधी?

नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीच्या लढाईनंतर शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर जेमतेम तेरा वर्षांत, 1830 साली, पुण्याच्या लष्करात रेसकोर्स उभे राहिले. जिंकलेल्या राजधानीत गोऱ्या अधिकाऱ्याला करमणूक हवी होती.

हा अधिकारी कसा असे? लॉर्ड विल्यम बेरेसफर्ड हे त्याचे नमुनेदार उदाहरण. 1879 च्या झुलू युद्धात घोड्याखाली सापडलेल्या सैनिकाला त्याने शत्रूच्या तोंडातून सोडवले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुढे तो व्हाइसरॉयचा लष्करी सचिव झाला आणि कलकत्त्याच्या शर्यतविश्वाचा अग्रणीही. त्याचे शौर्य नाकारण्याचे कारण नाही. पण रणांगण, कचेरी आणि शर्यतीचे मैदान या तिन्ही ठिकाणी हुकूम आपलाच चालावा, हा साम्राज्याचा रिवाज होता.

त्या अधिकाऱ्यांना दोष देऊन काय उपयोग? ते आपल्या राजाशी इमानी होते. प्रश्न आपल्या इमानाचा आहे. पुण्यातील शर्यती भरवणाऱ्या संस्थेला 1935 मध्ये पंचम जॉर्जने ‘रॉयल’ ही उपाधी दिली. राजा गेला, राज्य गेले. उपाधी मात्र आजही पाटीवर दिमाखात मिरवते!

याच रेसकोर्सपासून जवळ, वानवडीला, महादजी शिंदे यांची छत्री आहे. 1794 साली त्यांनी तेथेच देह ठेवला. दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती घेणाऱ्या त्या सेनानीच्या काळात मराठी फौजा ज्या घोड्यांवर दौडल्या, त्यांत भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू होते. काटक, थोडक्या चाऱ्यावर मजल मारणारे. विलायती वंशाच्या घोड्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आपण जपल्या. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळायला मात्र एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटावी लागली. आज ते तट्टू मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहत हिंडते.

यालाच आत्मविस्मृती म्हणतात. घोड्याशी आमचे वैर नाही. मराठ्यांचे तर कधीच नव्हते. पाटीवरील ‘रॉयल’ उतरावे आणि हंगामातील एक दिवस भीमथडीच्या दौडीसाठी, जुगाराविना, राखला जावा, एवढीच मागणी आहे. तोवर येत्या रविवारी मुलांना घेऊन शिंदे छत्रीवर जावे आणि हा प्रदेश कोणाच्या टापांनी दणाणला होता, ते त्यांना सांगावे.