वडिलांची ठेव बुडूं देऊं नका

बांधाच्या हातभर जमिनीसाठीं आम्ही वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवितों; पण वडिलांनीं उंसाच्या बिलांतून बँकेंत ठेवलेली रक्कम कोठें आहे, हें घरांत कोणास ठाऊक नसतें. कर्त्या पुरुषानें पैशाची गोष्ट बायकामुलांस सांगावयाची नाहीं, ही आमची जुनी खोडच या नुकसानीचें मूळ होय.

ज्या खात्यावर दहा वर्षें व्यवहार झाला नाहीं, किंवा मुदत संपूनही जी ठेव दहा वर्षें कोणीं मागितली नाहीं, ती रक्कम बँकेस रिझर्व्ह बँकेच्या निधींत भरावी लागते. हा निधि २०१४ सालीं स्थापन झाला. 'पैसे गेले, आतां काय उपयोग?' असें म्हणून पुष्कळ जण स्वस्थ बसतात. ही समजूत चुकीची आहे. ठेवीदाराचा वा त्याच्या वारसाचा हक्क बुडत नाहीं. मागणी मूळ बँकेकडेच करावयाची. ती पैसे देते व मागाहून निधींतून भरून घेते.

शोधासाठीं ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचें 'उद्गम' हें संकेतस्थळ आहे. तेथें नांव न आढळल्यास निराश न होतां जुनें पासबुक व मृत्यूचा दाखला घेऊन शाखेंत चौकशी करावी. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. त्यामुळें बहिणींचा वाटा नाहींसा होत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

शेतकरी बंधूंनो, सातबारा जपतां तशी ठेवींची यादीही जपा. आणि ती आजच घरधनिणीच्या हातीं द्या.