शेत जळतंय अन् सून पळतीय

हे वाक्य आमच्या गावच्या पारावर बोललं गेलं. बोलणाऱ्याला वाटलं, आबाला आता ऐकू कमी येतं. ऐकू सगळं येतं. तेव्हा गप्प बसलो, कारण मनातून मलाही थोडंफार तसंच वाटत होतं. आता बोलतो.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. पावसाळ्यात समोरचा डोंगर दिसत नाही असा पाऊस, आणि माघ सरता सरता तोच डोंगर कमरेएवढ्या वाळल्या गवतानं पिवळाधमक. त्या डोंगराला लागून आमची दोन एकर जमीन. खाली भाताची खाचरं, वर काजूची ६० झाडं, बांधाला आंबे, खळ्याच्या कडेला गवताची गंजी. मुलगा वाशीच्या मार्केटात माथाडी. घरी मी, आमची मंडळी, सून आणि चार वर्षांचा नातू.

सून २६ वर्षांची, बारावी झालेली. तिनं पोलीस भरतीचा अर्ज भरला होता. बायकांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, मिळून ५० मार्कांची मैदानी. खुल्या गटाला वयाची अट २८. म्हणजे तिच्या हातात ही भरती, आणि नशिबानं निघालीच तर आणखी एखादी. पहाटे साडेचारला उठून, पोराला आजीच्या कुशीत सरकवून ती रस्त्याला लागायची. मैदानी तीन आठवड्यांवर आली आणि पलीकडच्या डोंगराला वणवा लागला.

लागला म्हणतो ही जिभेची सवय. वणवा लागत नाही, लावतात.

ज्यानं वणवा विझवलाय त्याला ठाऊक आहे, दुपारी वारं खालून वर चढतं आणि आग त्याच्यासंगं डोंगर चढते. तेव्हा तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. रात्री गारवा येतो, वारं पडतं, दंवानं गवत सादळतं, आग मंदावते. ओल्या फांद्या घेऊन झोडपायची वेळ तीच, पहाटेची. आणि सुनेच्या धावण्याची वेळही तीच. पहाट एक, धनी दोन.

पहिल्या रात्री मीच म्हणालो, "सूनबाई, आठ दिवस ते पळणं ऱ्हाऊ दे."

ती म्हणाली, "आबा, ह्यांना बोलावलंय का तुम्ही?"

मी गप्प. मुलाला बोलवावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तो कामावर होता ना!

"मी चाळीस मिनिटं पळून येते," ती म्हणाली, "मग तुम्ही सांगाल तिथं उभी राहते."

आणि राहिली. रात्रीचा धूर पहाटे खोऱ्यात दाटून बसतो, ऊन चढेपर्यंत हलत नाही. धावणाऱ्याच्या छातीचा भाता झालेला असतो, त्याच्या पोटात तो धूर जास्तच जातो. म्हणून तिनं गावचा रस्ता सोडला आणि वरच्या खिंडीत, मोकळ्या वाऱ्याला धावायला लागली. एका पहाटे खिंडीतही धूर भरला. त्या दिवशी ती आपली आपण मागं फिरली. बाकीच्या दिवशी धावून आली, फांदी उचलली आणि दिवस वर येईपर्यंत माझ्या शेजारी आग झोडपत राहिली. तिचे हात भाजले ते मी बघितले. पारावरच्यांनी फक्त तिचे पाय बघितले.

पाचव्या रात्री एक पेटता ओंडका गडगडत घळीत गेला, कुणाला दिसला नाही. दुपारी घळीतनं आग वर सुटली. २२ काजू गेले, मोहराला आलेला एक आंबा गेला, गंजीची राख झाली. ऐकणाऱ्याला आवडेल की सून वाऱ्यासारखी धावली आणि शेत वाचवलं. तसं काही झालं नाही. तिच्या धावण्यानं झाडं वाचली नाहीत, आणि तिच्या धावण्यानं ती जळलीही नाहीत. पण गावानं हिशेब मांडला तो तिच्याच नावावर.

म्हणून विचारतो. गावात तेव्हा धडधाकट पोरं वीस-पंचवीस. त्यातली पाच आली, बाकीची बांधावर उभी राहून मोबाईलवर आगीचं शूटिंग करत होती. त्यांना कुणी काही बोललं का? माझा मुलगा वाशीला पोती उचलत होता. त्याला कुणी म्हणालं का, शेत जळतंय अन् तू तिकडं कसा? नोकरीला गेलेला पुरुष कामावर असतो, आणि नोकरीसाठी धावणारी बाई म्हणे चैन करते. पगार होईपर्यंत बाईच्या घामाला घाम म्हणायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि काडी कुणाची होती? तीही पारावरच्याच कुणाच्या तरी खिशातली. कुणी राब भाजताना हयगय करतो, कुणी सशा-डुकरामागं लागून रान पेटवतो, आणि निम्मे म्हणतात, जाळलं की पुढल्या साली गवत चांगलं येतं. हे मला कुणी शिकवू नये. १९७६ ला दहावी करून घरी बसलो, त्या उन्हाळ्यात वडिलांनी सांगितलं म्हणून याच डोंगराला मी माझ्या हातानं काडी लावली आहे. हिरवे कोंब फुटले, खरं आहे, बघून वडील खूश झाले. पण पहिल्या वळवानं उघडी माती ओढ्याला नेली. लाव्ह्याची घरटी गेली, हिरड्या-आंब्याची रोपं गेली. वर्षामागून वर्षं जाळून मारवेल हटला आणि कुसळी माजली, जी गुरांच्या तोंडात रुतते. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, त्याला कैद आहे. आमच्या गावात मात्र गुन्हेगार ठरली धावणारी सून.

शेताचं एवढंच प्रेम असेल तर दिवाळीनंतर कोयता घेऊन या. डोंगर आणि शेतं यांच्यामध्ये दहा-बारा फुटांचा पट्टा कापून साफ करायचा, त्याला जाळरेषा म्हणतात. घरटी एक माणूस आला तर आठवड्याचं काम. गेल्या साली मी हाक दिली, तर चार जण आले. चौथी सून होती, खिंडीतनं धावून आलेली.

मैदानीत ती निघाली. लेखीत तीन मार्कांनी राहिली. पुन्हा भरणार आहे, वय अजून हातात आहे. पहाटे साडेचारला दाराची कडी वाजते, मी जागाच असतो. नातू आता माझ्या कुशीत झोपतो. पारावर कुणाला काही बोलायचं असेल तर माझ्या तोंडावर बोला, पण येताना कोयता आणा.