उजनीचं पाणी ओलांडताना

नणंदेच्या लेकीचा निकाह करमाळ्याकडे होता. इंदापूरहून जायचं तर कळाशीला होडीत बसून भीमा ओलांडायची, नाहीतर टेंभुर्णीवरून मोठा वळसा. होडीत मोटारसायकलसुद्धा चढवतात, म्हणून मुलांचा हट्ट होडीचाच.

पण इथे भीमा आता नदीसारखी वागत नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि पाणी दूरवर पसरलं. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला आडकाठी नाही. बघता बघता लाटा उठतात. मे महिन्यात पाणी उतरतं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, काठ दूर सरकतो आणि होडीपर्यंत चिखल तुडवावा लागतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत दोन चिमुकली. एकजण तेवढा पोहत काठाला लागला.

अम्मी म्हणाल्या, “सकाळी निघा.” खरंच आहे, वळवाचा वारा बहुधा दुपारनंतरच सुटतो. आम्ही सकाळीच धक्क्यावर गेलो. मी लाइफ जॅकेट मागितलं तर नावाडी हसला, “बाई, रोजचं पाणी आहे!” मुलांना खाली उतरवलं.

टेंभुर्णीवरून पोहोचेपर्यंत निकाह होऊन गेला होता. नणंद अजून धड बोलत नाही.