शंकूची मर्यादा

गणपतीच्या दिवसांत साकेत नगरात एखाद्या ध्वनिक्षेपकातून सुरांऐवजी ठकठक ऐकू येऊ लागली, की "अँप्लिफायर कमी पडतो, मोठा आणा" असा सल्ला हटकून मिळतो. आमच्या मते हा सल्ला अगदी उलटा आहे.

वूफरचा शंकू पुढेमागे सरकून हवा ढकलतो. त्यास हलविणारे तारेचे वेटोळे चुंबकाच्या अरुंद फटीत असते. वेटोळे 16 मिलिमीटर उंच आणि फट 8 मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजूस 4 मिलिमीटर सरकेपर्यंतच फट तारेने भरलेली राहते. त्यापुढे ओढ घटून सूर बिघडतो. आणखी पुढे वेटोळे मागील लोखंडी तबकडीवर आदळू लागते. हीच ती ठकठक!

सेकंदास 80 कंपनांच्या सुरासाठी शंकू 1 मिलिमीटर सरकत असेल, तर तितक्याच जोराच्या 40 कंपनांच्या सुरासाठी त्यास 4 मिलिमीटर सरकावे लागते; 20 कंपनांसाठी 16! पेटीवरील वॅटचा आकडा मुख्यतः वेटोळे किती उष्णता सोसेल ते सांगतो, शंकू किती सरकेल ते नव्हे. दुकानात हे कोणीच विचारीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

तेव्हा खर्ज कमी करावा, अथवा मोठा वूफर घ्यावा. शंकूचे क्षेत्र दुप्पट झाले, की सरकणे निम्म्यावर येते. पैकी पहिलाच उपाय आम्ही सुचवू. आपल्या शेजारी एम्स रुग्णालय आहे, आणि खर्जाचा सूर भिंतींनी फारसा अडत नाही.